नंदिनीच्या नाटकाचा शेवट

मित्रांनो, मी महाल भागातल्या एका गणेश मंडळाचा जुना माईक आहे. माझ्या जाळीला पोचे पडलेत, वायर चिकटपट्टीने बांधलेली आहे. सीताबर्डीच्या दुकानातून मला आणलं तेव्हा मी कसा चकचकीत होतो! आरत्या, भजनं, हरवलेल्या मुलांची नावं, सगळं मी गल्लीभर पोचवलं. पण माझा खरा आनंद म्हणजे नंदिनीचा खणखणीत आवाज.

मंडळाच्या नाटकात तिला दरवर्षी एकच काम मिळे, रडणाऱ्या बाईचं. कधी आई, कधी बहीण, कधी टाकलेली बायको. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिने स्वतःच नाटक लिहिलं. त्यातली गोपिका कन्हानच्या कोळसा खाणीत डंपर चालवायला निघते. नवरा अडवतो, तरी निघते. तिथेच पडदा पडतो.

नाटक बसवणारे दत्तोपंत म्हणाले, "झकास लिहिलं वं पोरी. फक्त शेवटी तिले परत आण. नवऱ्याची माफी मागू दे."

"काहून, काका? तिनं केलं काय?"

"काही नाही केलं. पण अशी बाई लोकांले पाहवत नाही. नाटक व्हायला पाहिजे का नाही तुले?"

नंदिनीने नाटकाची वही मिटली. तिचा श्वास तेवढा माझ्यावर आपटत होता. मग ती "बरं" म्हणाली.

प्रयोगाच्या दिवशी गोपिका झालेल्या नंदिनीने हात जोडून माफी मागितली आणि खरंच रडली. ती कशासाठी रडतेय ते मला कळत होतं. लोकांना वाटलं, काय अभिनय! टाळ्या थांबेनात. पहिल्या रांगेतल्या यमुताई शेजारणीला म्हणाल्या, "आमच्या पोराले, ऋषिकेशले, अशीच सोशिक बायको पाहिजे."

दिवाळीनंतर नंदिनी आणि ऋषिकेशचं लग्न झालं. मुलगा चांगला होता, तिलाही आवडला होता. पुढच्या गणपतीत ती नवं नाटक घेऊन तालमीला आली, तर ऋषिकेश मागोमाग आला.

"घरी चाल. आई एकटी करून राहिली सगळं."

"मी लग्नाआधीच सांगितलं होतं न, मी लिहीन म्हणून."

"पण नंदिनी, आम्ही तर त्या नाटकातली तू पाहून हो म्हटलं होतं." तो हे अगदी प्रेमाने म्हणाला. भांडला असता तर तीही भांडली असती. ती उठली आणि त्याच्यामागून गेली.

त्यानंतर कितीतरी गणपती आले आणि गेले. यंदा मंडळाने तिला 'आदर्श सून' पुरस्कार दिला. शाल पांघरून ती माझ्यासमोर आली. ती बोलायला लागली आणि मागून लोक ओरडले, "आवाज येऊन नाही राहिला!" कोणीतरी माझ्या आवाजाचं बटण पूर्ण फिरवलं.

"माझं काही नाही," ती म्हणाली. "सगळं घरच्यांचंच आहे."

पुन्हा टाळ्या. मित्रांनो, मला आहे तो आवाज मोठा करता येतो. विझलेला आवाज मी कुठून आणू?

मला कधीमधी पुसा, माझी वायर नीट गुंडाळा. आणि शाळेत नाटक बसवाल तेव्हा त्यातल्या बाईला काय वाटत असेल, ते तिचं काम करणाऱ्या मुलीला विचारा. ती जे सांगेल ते कदाचित तुम्हाला आवडणार नाही. तरी तिचं बोलणं संपेपर्यंत थांबा.