गरज नसताना

“एकटा हुता म्हणून,” सुवार्ता म्हणाली.

शुक्रवारची प्रार्थनासभा जोतीराम आवळ्यांच्या घरी भरली होती. नव्या पाळकसाहेबांनी बायबलातला जगाच्या निर्मितीचा भाग वाचला आणि एकेकाला विचारलं, की देवानं हे सगळं कशासाठी केलं असेल. कुणी म्हणालं त्याच्या गौरवासाठी, कुणी म्हणालं त्याची मर्जी. सुवार्ता अशा वेळी सहसा बोलत नसे. सतरंजीच्या कडेला, भिंतीला टेकून बसायची आणि प्रार्थना सुरू झाली की पदर डोक्यावर घ्यायची. आज मात्र तिनं मनातलं सांगून टाकलं.

“समदा अंधार, आन बोलायला कोन न्हाय. करमंना झालं आसंल त्येला. म्हणून माणूस केला.”

दोघंतिघं हसले. पाळकसाहेब हसले नाहीत. ते तरुण होते, मंडळीत नुकतेच आलेले, आणि शिकवणीत चूक राहू नये याची त्यांना फार काळजी असे. त्यांनी समजावून सांगितलं, की देव कधीच एकटा नव्हता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्यात जग व्हायच्या आधीपासून प्रीती होती. त्याला कशाची उणीव नव्हती. माणसाचीही गरज नव्हती.

सुवार्तानं मान हलवली. सभा संपल्यावर चहा घेतला, सगळ्यांना सलाम केला आणि ती घरी आली.

मंगळवार पेठेतल्या एका बोळात तिच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन. साड्यांना फॉल लावायचा, पिको करायचं, यातच तिचं वय पन्नाशीच्या पुढं गेलं होतं. आतल्या खोलीत आईचा पलंग. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा सुवार्ताला स्थळं येत होती. हळूहळू ती यायची थांबली. भाऊ पुण्याला गेला, तिकडचाच झाला. आईला भरवायचं, कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, आणि मधल्या वेळात मशीनवर बसायचं, असं वर्षानुवर्षं चाललं. गेल्या उन्हाळ्यात आई गेली. त्यानंतरही कितीतरी दिवस सुवार्ता हातातलं काम टाकून मध्येच उठायची, आणि आतल्या खोलीच्या दारात गेल्यावर तिला आठवायचं.

अशाच एका दुपारी तिला वाटलं होतं, की जग करायच्या आधी देवाचंही असंच झालं असेल. त्या दिवसापासून तिला प्रार्थना सोपी झाली. आपल्यासारखंच ज्यानं भोगलंय त्याच्याशी बोलावं तशी ती बोलायची. येशू वधस्तंभावर एकटा होता हे तिला ठाऊक होतं. पण ते एका दुपारचं होतं, तिसऱ्या दिवशी तो उठला. तिला देव हवा होता तो पुष्कळ काळ एकटा असलेला.

आता तोही तसा नव्हता. शनिवारी तिन्हीसांजेला ती पलंगाशी गुडघे टेकून बसली, पण शब्दच फुटेना. रविवारी ती उपासनेला देवळात गेली नाही.

सोमवारी पाळकबाईंच्या साडीचं पिको झालं होतं. ती द्यायच्या निमित्तानं ती त्यांच्या बंगल्यावर गेली. पाळकबाई बाजारात गेल्या होत्या. पाळकसाहेब अंगणात गाडी पुसत होते. तिनं साडी कट्ट्यावर ठेवली, पण पाय निघेना.

“गरज नव्हती, तर केलं कशाला?” तिनं विचारलं.

त्यांना आधी कळलंच नाही. मग शुक्रवार आठवला आणि ते देवाच्या गौरवाविषयी सांगू लागले. सुवार्ता खाली बघत ऐकत होती. तिचा चेहरा पाहून ते मध्येच थांबले आणि घरी काही झालंय का, असं त्यांनी विचारलं.

“आईला माझी गरज हुती,” ती म्हणाली. “पाणी पाजाय, कूस बदलाय. ती गेली, आता कुनालाच न्हाय. आन तुमी म्हंतायसा, देवालाबी न्हाय.”

पाळकसाहेबांनी ओलं फडकं पिळून गाडीवर टाकलं.

“अक्का,” ते म्हणाले, “गरज होती म्हणून केलं असतं, तर आपण त्याच्या कामापुरतेच राहिलो असतो. काम संपलं की आपणही संपलो. त्याला काही कमी नव्हतं, तरी त्यानं तुम्हाला केलं. त्याच्याजवळ जी प्रीती होती ती तुम्हालाही मिळावी म्हणून. एवढंच मला समजलंय.”

तिनं पुन्हा मान हलवली आणि निघाली. मन हलकं झालं असं नाही. चालताना तिच्या ध्यानात येत होतं, की प्रार्थनासभा सोडली तर आपण आजवर कामाशिवाय कुणाच्या घरी गेलोच नाही. लग्नाला गेलो तरी मागच्या दारी लसूण सोलायला बसलो. लोकही आपल्याकडं साडी घेऊनच आले.

बोळाच्या तोंडाशी चिमणाबाईचं घर. लेकीचं लग्न झाल्यापासून तीही एकटीच असे. उंबऱ्यात बसून ती मेथी निवडत होती.

“काय गं अक्का, झाली व्हय साडी?”

“उद्या देतो,” सुवार्ता म्हणाली. “आज काम काय न्हाय. बसायला आलोय.”

चिमणाबाईनं नवलानं तिच्याकडं पाहिलं. मग परात थोडी ओढून घेतली आणि जागा केली. सुवार्ता बसली. सवयीनं तिचा हात मेथीच्या जुडीकडं गेला. तो तिनं मागं घेतला. दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि बोळातून जाणाऱ्या-येणाऱ्यांकडं बघत राहिली.