म्हसूचं खाचर

मित्रांनो, मी एक जुनी पहार आहे. हल्ली मला कासार आंबोलीच्या माळावर उभी ठोकून शेळी बांधतात. पण माझा राग अजून गार झालेला नाही, आणि तो का, ते तुम्ही ऐकाच.

पौडच्या लोहाराने मला घडवलं आणि म्हसूने खांद्यावर टाकून मुळशी खोऱ्यातल्या आपल्या गावी नेलं. गावाच्या वर नुसता खडकाळ उतार होता. तीन उन्हाळे म्हसूने आणि मी तिथले धोंडे उपसले. त्याच्या बायकोने, रंभाबाईने, पाट्या भरभरून माती वाहिली. चौथ्या वर्षी तिथे भात लोंबलं आणि सारा गाव त्या जागेला ‘म्हसूचं खाचर’ म्हणू लागला. आमच्याकडे नावं अशीच पडत. म्हशीमागे धावताना गेणूने ओढा ओलांडला, ती ‘गेणूची उडी’. वाघ दिसला तरी तानूबाई कोयता घेऊन जिथे उभी राहिली, तो उंचवटा ‘तानूबाईचा टेप’. फुकटचं नाव एकही नव्हतं. दसऱ्याला माझी पूजा होई, तेव्हा मीही फुगून जाई.

मग खोऱ्यात धरण बांधायला घेतलं. ते थांबवायला गावची माणसं कामाच्या जागेवर जाऊन आडवी पडली. त्यात म्हसूला सहा महिन्यांची शिक्षा झाली, आणि नेमका तेव्हाच मोजणीचा कारकून आला. सरकारी कागदात आमचं खाचर अजून खडकाळ उतारच होतं. कसणाऱ्याचं नाव चढलं, तरच बदल्यात दुसरी जमीन मिळणार होती. बांधावर मला धरून रंभाबाई एकटीच उभी होती. तान्ही सुंदरा झोळीत झोपली होती.

“ह्या जागेला काय म्हणतात, बाई?”

रंभाबाईने झोळीकडे पाहिलं. नवऱ्याचं नाव तोंडाने घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, असं तिला लहानपणापासून शिकवलेलं. त्यात नवरा तुरुंगात.

“आमच्या सुंदराच्या बाचं खाचर हाय,” ती म्हणाली.

“असं लिहू कागदावर? नाव घ्या. हवं तर उखाण्यात घ्या, आम्हीही ऐकतो.”

बरोबरचा शिपाई हसला.

“उखाना लग्नात घेतला. तुमच्यापुढं न्हाई घ्यायची.”

कारकुनाने लिहिलं, ‘पडीक. वहिवाट नाही.’ गुडघ्याएवढं भात त्याच्या धोतराला घासत होतं, मित्रांनो, आणि हा माणूस पडीक लिहीत होता. मला धाडकन त्याच्या पायावर पडायचं होतं. पण रंभाबाईची मूठ माझ्यावर घट्ट होती. तिला असं शिकवणाऱ्यांचाही मला तितकाच राग येतो.

म्हसू सुटून आला आणि कचेरीत गेला. हरकतीची मुदत संपली, असं त्याला सांगण्यात आलं. नाव सांगायला घरात कोणी नव्हतं का, असंही विचारलं. घरी येऊन तो रंभाबाईला एक शब्द बोलला नाही. त्याने शिव्या दिल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं.

पुढे काही वर्षांनी पाणी चढत चढत आमच्या बांधाला लागलं. दोघं वर उभी होती. रंभाबाईने पदर सारखा केला आणि पाण्याकडे बघून मोठ्याने म्हणाली, “म्हसूचं खाचर हाय ह्ये.”

“आता कुनाला सांगतीस?” म्हसू म्हणाला. संध्याकाळपर्यंत बांध दिसेनासा झाला.

आता म्हसू इथे कासार आंबोलीत दुसऱ्याच्या रानात मजुरी करतो. मित्रांनो, तुमच्या गावातल्या प्रत्येक टेपाचं आणि ओढ्याचं नाव कुणामुळे पडलं, ते आजच विचारून घ्या. कुणी वही घेऊन आला तर रीत बघू नका, लाजू नका. नाव घेतल्याने म्हसूचं आयुष्य कमी झालं नसतं. न घेतल्याने काय झालं, ते मी रोज गळ्यात शेळीचं दावं घेऊन बघते आहे.