खुर्चीकडे तोंड केलेले अँटेना

माझा थोरला भाऊ तीस वर्षे समारंभांचे निवेदन करीत आला आणि तीस वर्षे त्याचा माइक मी सांभाळला. गेल्या वर्षी त्याच्या घशात गाठ निघाली. सोमवारी स्वरयंत्र काढावयाचे ठरले, म्हणून आदल्या रविवारी सकाळी आम्ही सभागृहात त्याच्या आप्तेष्टांना व चाहत्यांना बोलावले. त्याचा आवाज जतन करण्याची जबाबदारी अर्थातच माझी होती.

बिनतारी माइकचा आवाज रेडिओलहरींवरून येतो व रिसीव्हरचे दोन अँटेना तो झेलतात. दांडीसारखा अँटेना चोहोबाजूंचे ऐकतो. चपट्या पात्यासारखा मात्र ज्या दिशेला तोंड करावे तिकडचेच ऐकतो. दादा बोलता बोलता मंचावरून उतरून लोकांत शिरतो, म्हणून मी नेहमी दांड्याच लावीत असे. उंच स्टँडवर, माणसांच्या डोक्यांच्या वर, एकमेकींपासून दूर. माणसाचे शरीर त्या लहरी गिळून टाकते, हे मी या धंद्यात फार लवकर शिकलो होतो.

त्या सकाळी वहिनी मंचाकडे पाहून म्हणाली, "भावजी, त्या काठ्या काढा बाई. फोटोत ह्यांच्या डोक्याला शिंगं फुटल्यासारखी दिसतील."

"फुटलेलीच आहेत," दादा घोगऱ्या आवाजात म्हणाला. "तुला इतकी वर्षं दिसली नाहीत, एवढंच."

आम्ही हसलो. मंचाच्या पायऱ्या चढताना दादाला मी दोन वेळा सावरले होते. हा आता मंचावरच्या खुर्चीतून उठत नाही, असे मी मनाशी ठरवून टाकले. स्टँड काढले, चपटे अँटेना आणले, मंचाच्या कडेला गुडघ्याएवढ्या उंचीवर ठेवले आणि दोघांचीही तोंडे खुर्चीकडे केली. तारा चिकटपट्टीने जमिनीला चिकटवल्या. खुर्चीत बसून मी स्वतः बोलून पाहिले. आवाज निर्मळ आला. माइक घेऊन सभागृहभर फिरून पाहण्याची माझी रीत त्या दिवशी मी पाळली नाही.

दादा पस्तीस मिनिटे खुर्चीतून बोलला. त्यातील प्रत्येक शब्द माझ्यापाशी सुरक्षित आहे. मग तो म्हणाला, "आता एकाच माणसाशी बोलायचं राहिलंय," आणि उठला. एकट्याने पायऱ्या उतरला. वहिनी आपले रडणे दिसू नये म्हणून शेवटच्या रांगेत बसली होती; तो तिच्याकडे निघाला. लोक टाळ्या वाजवीत उभे राहिले, त्याच्याभोवती दाटले. अर्ध्या वाटेवर रिसीव्हरचे हिरवे दिवे विझले व स्पीकर मुके झाले.

मी धावलो. चिकटवलेली तार ओरबाडून अँटेना सोडवीपर्यंत मला दुरून दादाचे हलणारे ओठ दिसत होते. पुष्कळ वेळ हलले. अँटेना डोक्यावर धरला तेव्हा स्पीकरमधून एक श्वास आला, आणि त्याचे शब्द: "बस, एवढंच." लोकांच्या फोनांत केवळ टाळ्या आल्या.

शस्त्रक्रियेनंतर तीन आठवड्यांनी मी त्यांच्या घरी गेलो. दादा मांडीवर पाटी घेऊन बसला होता.

"भावजी, ते शेवटचं लावा," वहिनी म्हणाली. "मी नुसती रडत होते, मला काही धड कळलंच नाही. म्हटलं, रेकॉर्डिंग आहेच की."

मी लावले. खरखर, एक श्वास, "बस, एवढंच."

"आणि मधलं?"

"मधलं नाही, वहिनी. मी अँटेना खुर्चीकडे लावले होते."

दादाने खडू उचलला. 'मला वाटलं, तू मुद्दाम स्पीकर बंद केलास. बरं वाटलं होतं.'

वहिनीने पाटी पुसून पुन्हा त्याच्या हाती दिली. "काय म्हणाला होतात हो तुम्ही?"

त्याने बराच वेळ खडू टेकवून धरला. लिहिले, 'आठवत नाही.' नंतर खाली, बारीक अक्षरात, 'चांगलं बोललो होतो.'

वहिनीने ते दोनदा वाचले. मग माझ्याकडे न पाहता म्हणाली, "पुन्हा लावा."

मी पुन्हा लावले.