मक्याला दात दाखवून पेरावं

तुबोदच्या डोंगरात मका पेरायचा तर दात दाखवून पेरतात. पेरणाऱ्याने तोंड मिटलं की कणसात दाणे विरळ भरतात, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. आळूचा कंद लावताना अंग खाजवायचं नाही, नाहीतर आळू खाजरं निघतं. केळ लावताना वर बघायचं नाही, नाहीतर केळ आभाळाला जाते आणि घड शिडीवाचून हाती लागत नाही. आणि मिरची रागात लावायची. यात शिकवण्यासारखं काही आहे असं लोला मेत्रिंगला सत्तर वर्षांत कधी वाटलं नव्हतं. पण गावच्या बालवाडीच्या मॅम जोव्हलिनने परसात वाफे काढले, भिंतीवर ऊन-पाणी-माती असा रंगीत तक्ता लावला आणि तीन महिन्यांत तिथे गवताची काडीसुद्धा उगवली नाही.

"मॅम, त्या तक्त्यालाच पाणी घाला," लोला कुंपणावरून म्हणाली. "तेवढाच हिरवा दिसतोय."

मॅम शहरात शिकलेली, पण स्वभावाने गरीब. ती म्हणाली, "लोला, मग तुम्हीच या की."

झालं. लोला म्हणजे आजी, आणि ही तर अख्ख्या गावाची आजी, सख्खी असो नसो. दुसऱ्या दिवशी सकाळी झग्याच्या खिशात बियाणं घालून ती बालवाडीत हजर झाली. अकरा पोरं होती, चार-पाच वर्षांची. लोलाने त्यांना ओळीने उभं केलं आणि बाजारात रेडा घेताना बघतात तसं एकेकाचं तोंड उघडून बघितलं. गोळ्या चघळून चघळून पोरांच्या तोंडात नुसती खिंडारं पडली होती. अकरा तोंडांत मिळून पुढचे दात सात, त्यातले तीन हलत होते.

"आता हा मका कोण पेरणार?" लोला म्हणाली. "कणसं सोलायची आणि आतला बुरकुंडा चोखायचा."

"लोला, मला दाढ आहे," प्रिन्सेस मे नावाची एक चिमुरडी म्हणाली आणि गालात बोट घालून दाढ दाखवायला लागली.

"दाढेने पेरला की मका देठाकडेच भरतो, पोरी. बस खाली."

लोलाचे स्वतःचे दात मात्र नवेकोरे होते. हाँगकाँगला कामाला असलेल्या लेकीने करून दिलेली कवळी होती ती, वरच्या ओळीत डावीकडून तिसरा दात सोन्याचा. लोला ती चर्चला जाताना आणि भांडायला जाताना घालायची. तिने कवळी काढली, झग्याला पुसली आणि पहिल्या पोराच्या, केंट जुनच्या, हातात दिली.

मग त्याचा हात तोंडापुढे नेला आणि खड्ड्याकडे बोट दाखवलं, टाक बी.

मॅम लगबगीने पुढे आली. "लोला, अहो, हे आरोग्याच्या दृष्टीने..."

लोलाचं बोळकं काय म्हणालं ते मॅमला कळलं नाही, पण बोट विहिरीकडे होतं, म्हणून ती साबण घेऊन आली. एक पोर पेरायचं, मॅम कवळी धुवायची, दुसरं पेरायचं. कवळी हातोहात फिरत असताना लोला मागून सांगत होती, "दोन दोन दाणे टाका." ते बिनदाताचं "ओन ओन आणे आका" असं निघत होतं. पोरांना वाटलं, मक्याशी याच भाषेत बोलत असतील. ती प्रत्येक खड्ड्यापाशी वाकून "ओन आणे" म्हणायला लागली. पुढे महिनाभर तुबोदमध्ये चार-पाच वर्षांचं एकही पोर दुसऱ्या भाषेत बोलेना. आया तक्रार घेऊन आल्या. "आमचा आत आढ, आत आढ करतो. काय वाढू त्याला?"

"भात," लोला म्हणाली. तिच्या तोंडात तेव्हा दात होते.

मिरचीच्या दिवशी तिने दोघांत एकच रंगाचा खडू दिला. ओढाओढी झाली, चावाचावी झाली, की म्हणायची, "हां, आता लाव." झायरेल नावाचं एक पोर फार गुणी, त्याला काही केल्या राग येईना. त्याच्या पाठीत धपाटा घातला तरी हसलं. त्याच्या रोपाला पुढे ढोबळी मिरची लागली. लोलाने ती कापून सगळ्यांना दाखवली. "बघा. चांगुलपणाला तिखट नसतं."

पासष्ट दिवसांनी मका तयार झाला. गावठी पांढरा मका, दाण्याला दाणा लागून, कवळीसारखा सरळ. आणि कुठलंही कणीस आडवं धरलं की वरच्या ओळीत डावीकडून तिसरा दाणा सोन्यासारखा पिवळा. गावात कुणाला त्याचं नवल वाटलं नाही. दात तसा मका. फक्त शेजारची बासिंग, केंट जुनची आजी, कणीस उजेडात धरून म्हणाली, "माझ्या नातवाच्या कणसातला पिवळा दाणा बारीक का?"

"त्याने कवळी तिरकी धरली असेल. तुमच्यात सरळ काय असतं?"

बासिंगला कवळी नव्हती, हे खरं दुखणं. पुढच्याच आठवड्यात ती म्युनिसिपिओत, म्हणजे तालुक्याच्या कचेरीत, जाऊन सांगून आली की बालवाडीत एक म्हातारी पोरांच्या तोंडाला आपले वापरलेले दात लावते.

तिकडून तपासणीला सर कास्त्रोदेस आले. किडकिडीत, घामेजलेले, मोटरसायकलच्या मागे फॉर्मचा गठ्ठा बांधलेला. आल्या आल्या त्यांनी कोवळ्या भोपळ्याकडे पेन रोखून विचारलं, "हे कोणी लावलं?"

अकरा पोरं धावली. भोपळ्याला बोट दाखवलं की तो कुजतो, हे त्यांना माहीत होतं. उपाय एकच, बोट चावायचं. पोरांनी सरांना आधी बोट चावायला लावलं, मग पेन. सरांनी दोन्ही चावलं. भोपळा वाचला.

त्या दिवशी पोरं नव्या मक्याची खीर करत होती. दाणे आणि चिकट तांदूळ पातेल्यात शिजत होते, आणि पोरं फडक्यात खोबरं घालून दूध पिळत होती, कोपरापर्यंत पांढरी झालेली. लोला सांगत होती, "पातेल्याशी आपण बोलायचं नाही, त्याचं ऐकायचं. बुड बुड म्हणतंय तोवर एकाच बाजूने ढवळा, नाहीतर दूध फाटतं. फट म्हणालं की जाळ ओढा."

"आणि गप्प बसलं तर?" झायरेलने विचारलं.

"तर पळा. खाली लागलंय, आणि मी चिडणार आहे."

सर बुटक्या बाकावर बसले, गुडघे कानाला लागले. "आजी, तुमचं शिक्षण?"

"दुसरी. तिसरीत बसणार होते, पण तेवढ्यात म्हशीला रेडकू झालं."

"सर्टिफिकेट?"

"रेडकाचं?"

सरांनी चावलेलं पेन पुसलं. "नियम आहे, आजी. सर्टिफिकेट नसलेल्या माणसाने बालवाडीच्या हद्दीत शिकवायचं नाही. आजपासून बंद."

लोला पातेल्यापाशी गेली. तिची चारही मुलं परदेशी, नातवंडं फोनमध्ये वाढत होती. फोनमधल्या पोराला हाताला धरून माती कालवायला लावता येत नाही. ही अकरा हाताला लागत होती. तिने पळी घेतली आणि सरांना खीर वाढली. वाढताना थोडी फॉर्मवर सांडली.

"सर," मॅम जोव्हलिन म्हणाली, "या गेल्या तर बाग गेली. माझ्या हाताने प्लॅस्टिकचं फूलसुद्धा सुकतं."

सरांनी एक वाटी संपवली. दुसरी संपवली. तिसऱ्या वाटीला ते फॉर्म निरखून वाचायला लागले. "इथे दोनच चौकटी आहेत," ते म्हणाले. "शिक्षक किंवा विद्यार्थी. शिक्षकाला सर्टिफिकेट लागतं. विद्यार्थ्याला लागत नाही. आणि विद्यार्थ्याने वर्गात काय बोलावं, यावर नियम नाही."

"मी विद्यार्थी?" लोला म्हणाली. "बासिंगच्या नातवाशेजारी?"

"वय?"

"एकाहत्तर."

वयाच्या चौकटीत एकच आकडा मावत होता. सात लिहावं तर नियमापेक्षा मोठी, एक लिहावं तर तान्ही. सरांनी सात आणि एक आठ केले, दोघांत वाटले आणि चार लिहिलं.

अशी लोला मेत्रिंग बालवाडीत दाखल झाली. तिच्या छातीवर पेरूच्या आकाराचा नावाचा बिल्ला आला. सकाळी हजेरीला "आहे, मॅम" म्हणावं लागे. परसाकडे जायचं तर हात वर करावा लागे. दुपारी चटईवर झोपावं लागे, आणि पोरं झोपली तरी लोलाला झोप येत नसे म्हणून मॅम तिला थोपटत असे. जोव्हलिनला जन्मताना सुईणीआधी हातात घेतलं ते लोलाने. आता तिच्याच हातून थोपटून घ्यायचं. बासिंग मुद्दाम दुपारी कुंपणापाशी येऊन विचारायची, "झोपली का गं बाळी?" पण वर्गाची प्रार्थना संपली की मॅम म्हणायची, "आज कोण बोलून दाखवेल?" लोला हात वर करायची आणि तीन तास बोलून दाखवायची. वांगी लावून झाली, शेवग्याचा पाला ओरबाडून वरणात घालून झाला, गांडुळांची नावं ठेवून झाली.

मार्च आला. मार्चमध्ये पोरांना पांढरे झगे आणि चौकोनी टोप्या घालून मोठ्या शाळेत पाठवतात. त्याआधी सर येऊन सगळ्या पालकांसमोर तोंडी परीक्षा घेतात, दहा प्रश्नांची. सहा बरोबर आले की पास. आणि पास झालेल्याला बालवाडीत परत घेत नाहीत.

आदल्या दिवशी मॅमने लोलाला वाफ्यापाशी गाठलं. "लोला, पाचाच्या वर जाऊ नका."

"म्हणजे?"

"म्हणजे चुका. नापास व्हा. नाहीतर जूनपासून तुम्हाला आत पाऊल टाकता यायचं नाही."

"पोरी, नवरा जिवंत होता तेव्हा त्याच्यापुढे मी चुकले नाही, आणि त्याच्या हातात कोयता असायचा. आता बासिंगपुढे चुकू?"

मॅमने कुंपणाकडे बघितलं. पुढच्या वर्षीची चार वर्षांची पोरं गजांतून तोंडं घालून वाफे बघत होती. लोलानेही बघितलं. मग ती म्हणाली, "बघू."

दुसऱ्या दिवशी अकराही पोरं पास झाली. शेवटी सरांनी लोलाचं कागदावरचं नाव पुकारलं, "देमेत्रिया." लोला पेरूचा बिल्ला लावून उभी राहिली. पहिल्या रांगेत बासिंग पंखा हलवत बसली होती.

जिभेला सत्तर वर्षांची सवय. दहापर्यंत मोज म्हटलं तर तिने शंभरपर्यंत मोजलं आणि उलटी परत आली. हा रंग कोणता? "लाल. माझ्या मिरचीचा. काहींच्या मिरच्या फिक्या येतात, त्यांचा नव्हे." हात कधी धुवावेत? तेही सांगितलं. पूर्ण नाव, गाव? नवऱ्याच्या आणि बापाच्या पिढ्यांसकट. पाऊस कुठून येतो? "डोंगराच्या त्या अंगाने, आणि येताना आधी बासिंगने वाळत घातलेले कपडे भिजवतो." लोक हसले. सरांनी पाचवी खूण केली. मॅमच्या हातातली टोपी खाली पडली.

तेव्हा लोलाला कळलं की आता पाच राहिले आणि पाचही चुकायचे.

सरांनी पुठ्ठ्याचा त्रिकोण धरला. लोलाने बिल्ला सरळ केला. "गोल," ती म्हणाली.

बासिंगचा पंखा थांबला.

मुंगी मोठी की हत्ती? "मुंगी." बटणं लावून दाखव. तिने झग्याची बटणं एक घर सोडून लावली, गळ्यापाशी एक काज उघडं राहिलं. अंडं कोण देतं? "मांजर." शेजारी टोपी घालून उभी असलेली प्रिन्सेस मे तिचा झगा ओढून कुजबुजली, "लोला, कोंबडी. कोंबडी म्हण."

"गप. माझा पेपर आहे," लोला पुटपुटली.

दहावा प्रश्न. सरांनी चित्र दाखवायचं होतं, पण त्यांनी परसात जाऊन खरं वांगंच तोडून आणलं. लोलाच्या हातचं, लांबसडक, जांभळं, तेल लावल्यासारखं. बी तिने धरलेलं, रोप तिने आळ्यात बसवलेलं, किडा तिने चिमटीने काढलेला.

"हे काय आहे?"

लोलाने वांग्याकडे बघितलं. अकराही पोरं माना पुढे काढून उभी होती. केंट जुनचे ओठ 'वां' म्हणायला उघडे होते. हत्ती-मुंगीचं एक वेळ ठीक, लोलाचं हत्तीशी काही देणंघेणं नव्हतं.

"केळं," ती म्हणाली.

केंट जुनने दोन्ही हात टोपीवर ठेवले. झायरेल रडायला लागला. सरांनी खाली मान घालून फुली मारली आणि "नापास" असं सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचलं.

"वांगं ओळखेना," बासिंग शेजारणीला मोठ्याने म्हणाली. "आणि म्हणे हिने बाग केली."

लोलाच्या तोंडात त्यावर निदान सात उत्तरं तयार होती. तिने एकही दिलं नाही. ती आपल्या बुटक्या खुर्चीवर जाऊन बसली आणि पोरांना दाखले मिळताना टाळ्या वाजवत राहिली. कुंपणाशी एक आई आपल्या चार वर्षांच्या पोराला उचलून आतलं दाखवत होती.

"ती म्हातारी का नापास झाली?" पोराने विचारलं.

"भाजी खात नसणार. भाजी टाकली की असं होतं, बघून ठेव."

लोलाने ते ऐकलं. मान वळवून त्या बाईकडे एकदा नीट बघून घेतलं. पण बोलणं भाजीच्या बाजूचं होतं, म्हणून सोडून दिलं.