दोन विहिरींचे तेल

"नव्या विहिरीचं तेल जुन्याशी जुळू नये, एवढंच बघ," असे म्हणत धाकट्या भावाने तेलाची बाटली ताईच्या टेबलावर ठेवली.

जुनी तेलविहीर आटत चालली होती. मधल्या खडकात भिंत आहे, पलीकडचा साठा वेगळा आहे, असे छातीठोकपणे सांगून त्याने नवी विहीर खणायला लावली होती. दोन्हींचे तेल एकच निघाले, तर ती एकाच टाकीला लावलेला दुसरा नळ ठरणार होती. मग खोदकामाचा तळ बंद, आणि त्याच्यासकट सगळे घरी.

ताईच्या यंत्राने तेलातले घटक वेगळे करून कागदावर शिखरांची रांग काढली. जुन्या तेलाच्या आलेखात सुरुवातीला उंच शिखरे होती. नव्याच्या तिथे जवळजवळ सपाट.

"वेगळं आहे," भाऊ म्हणाला आणि त्याने फोन काढला.

"थांब जरा."

"आता कशाला थांबू? तिकडे सगळे देव पाण्यात घालून बसलेत."

ताईने दोन्ही कागद एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. पुढची, जड घटकांची शिखरे एकमेकांवर नेमकी बसली, बारीकसारीक उंचवटेसुद्धा. तिने बाटली उचलली. झाकण बोटांखाली सहज अर्धा फेरा फिरले.

"हलकं तेल उडून गेलंय रे. फरक तेवढाच."

"आहे ना पण? तेवढाच लिही."

"उद्या दुसरं कुणी तपासेल."

"उद्याचं उद्या. शाळेत माझी चित्रं तूच पुरी करायचीस ना?"

"आणि बाई दोघांचेही हात ओळखायच्या," ताई म्हणाली. "दुसरी बाटली आण. झाकण स्वतः लाव."

तो गेला आणि संध्याकाळी बाटली छातीशी धरून परतला. तिने थेंब यंत्रात सोडला. दोघे पडद्यासमोर उभे राहिले. दुपारी जिथे सपाट होते, तिथे रेघ वर चढू लागली. भावाने पडद्यावर त्या रेघेवर बोट दाबून धरले. रेघ बोटाच्या वर निघून गेली.

"हे हलकंच आहे," तो म्हणाला. "जड घटकांत फरक पडेल. पडेल ना, ताई?"

जड घटक तर दुपारीच जुळले होते. ताईने त्याच्यासाठी खुर्ची ओढली.

"बस," ती म्हणाली. "पूर्ण होऊ दे."