सिंकखालची बादली

जावई अक्काचा नव्हता, मालकांचा होता. पण डोक्याला ताप अक्काच्या झाला होता.

पडद्यांच्या दुकानावर दोन खोल्यांची एक लॅब. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप घेऊन पाठवायचे आणि इथून दात बनून जायचे. कवळ्या, कॅपा, कुणाचा पडलेला पुढचा दात. माणसं चारच. मालक, जे आता स्वतः काम करायचे नाहीत, फोनवर डॉक्टरांची समजूत काढायचे. अक्का. पॉलिशवाला, ज्याला सगळे भुंगा म्हणायचे, कारण दिवसभर त्याचं मशीन गुणगुणायचं आणि मशीन बंद झालं की तो स्वतः. आणि जावई. जावई दाढांच्या कॅपा करायचा. करायचा म्हणजे शिकत होता. शिकत होता म्हणजे काय, येत होता.

अक्का पुढचे दात करायची. मागची दाढ थोडी पिवळी झाली काय आणि पांढरी झाली काय, कोण बघतं? पुढचा दात मात्र शेजारच्या दातांत मिसळून गेला पाहिजे. नाहीतर माणूस आयुष्यभर तोंडावर हात ठेवून हसतो. त्याला उजेड लागतो. खरा, बाहेरचा. म्हणून लॅबमधल्या एकुलत्या एक खिडकीजवळचं टेबल अक्काचं होतं, लॅब उघडली तेव्हापासून. डॉक्टर फोनवर सांगायचे, "हा दात अक्कांकडेच द्या."

ते टेबल गेलं. आणि गेलं कशावरून, तर बादलीवरून.

दात करायचा तर आधी मापात प्लास्टर ओतावं लागतं. मग हात धुवा, वाडगे धुवा, ते सगळं सिंकमध्ये जातं. सरळ पाइपात गेलं तर आत दगड होऊन बसतं. म्हणून सिंकखाली एक बादली जोडलेली. गाळ तळाला बसतो, वरचं पाणी पुढे जातं. हा गाळ ओला आहे तोवर काढायचा. गार, चिकट, आणि वास सडक्या अंड्याचा. झाडू कुणीही मारायचं, चहाचे कप कुणीही विसळायचं, पण बादली म्हटली की सगळ्यांना घरची कामं आठवायची. शेवटी मालकांनी नियम केला होता, ज्याचा हात शेवटी सिंकमध्ये, त्यानं बादली काढायची.

नियम चांगला होता. फक्त जावयाचा हात कधीच शेवटी नसायचा. संध्याकाळ झाली की त्याला बायकोचा फोन यायचा. "हिला बरं नाहीये" म्हणत निघायचा आणि वाडगा तसाच सिंकमध्ये. अक्का तो वाडगा धुवायची, म्हणजे शेवटचा हात अक्काचा. झालं.

"जावईबापू, तुमच्या बायकोला एखाद्या चांगल्या डॉक्टरला दाखवा," अक्का एकदा म्हणाली. "रोज सहा वाजले की बरं नसतं बिचारीला."

जावई हसला. त्याला वाटलं चेष्टा आहे.

मग अक्काच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं आणि अक्का रजेवर गेली. जाताना बादली चकचकीत करून गेली. ती नसताना ना कुणी बादली काढली, ना कुणी वाकून बघितलं. पाइप तुंबला, बादली भरून वाहिली आणि खाली पडदेवालीच्या दुकानात छतातून पांढरं पाणी ठिबकलं. तिच्या नव्या मखमलीवर. मालक धावत आले. जावई हात पुसत म्हणाला, "पप्पा, अक्का जाताना बादली काढून गेल्याच नाहीत."

भुंगा तिथेच होता. त्याला सगळं माहीत होतं. तो मशीनकडे बघत बसला.

अक्का परत आली तेव्हा तिची हत्यारं, तिची शेडची, म्हणजे दातांच्या रंगांची पट्टी, तिचा चष्म्याचा डबा, सगळं आतल्या खोलीत ट्यूबलाइटखाली मांडलेलं. खिडकीत जावई.

"थोडे दिवस," मालक तिच्याकडे न बघता म्हणाले. "तुझं लक्ष नसतं हल्ली. आणि त्यालाही पुढचे दात शिकू दे."

"मी काढली होती बादली."

"बरं बरं. आता विषय नको."

अक्का भुंग्याकडे गेली. "तू बोलला का नाहीस?"

"मशीन चालू होतं गं अक्का. ऐकूच आलं नाही."

ट्यूबच्या उजेडात सगळेच दात आजारी दिसतात. कुठला हिरवट, कुठला राखाडी. अक्का अंदाजानं रंग लावायची, आणि महिन्याभरात तिचे दात परत यायला लागले. डबा उघडला की डॉक्टरची चिठ्ठी. शेड जुळत नाही. फोनवर आता कुणी म्हणत नव्हतं, अक्कांकडेच द्या. एका डॉक्टरनं तर विचारलं, "अक्कांना मोतीबिंदू झालाय का हो?" मालकांनी फोन स्पीकरवर ठेवला होता. जावई खिडकीत बसून खाली मान घालून हसला. अक्कानं ते पाहिलं.

घरी नवरा म्हणाला, "जाऊ दे ना."

"जाऊ द्यायला ते काय पाहुणे आलेत?"

"अगं पण करणार काय तू?"

"काहीच नाही," अक्का म्हणाली. "आता मी काहीच करणार नाही."

आणि खरंच केलं नाही. दुसऱ्या दिवशी तिनं बादली शेवटची एकदा तळापर्यंत घासून काढली आणि घरून एक जुना टब आणला. आपले वाडगे त्यात धुवायचे, आपला गाळ आपणच गोणीत भरायचा, गोणी खाली कचऱ्यात. सिंकला हात म्हणून लावायचा नाही. भुंग्यासमोरही एक डबा आणून आपटला. "तुझं चिखलपाणी यात. सिंकमध्ये थेंब दिसला तर तुझ्या मशीनची वायर कापीन."

भुंग्याला हे बरोब्बर ऐकू आलं.

आता एक गोष्ट. जावई पुढचे दात करायला लागल्यापासून कामं मिसळू नयेत म्हणून मालक दोघांना वेगळ्या रंगाचं प्लास्टर द्यायला लागले होते. अक्काला पिवळं, जावयाला निळं. म्हणजे आता बादलीत जाणार ते फक्त निळं. अक्काला एवढंच पाहिजे होतं. कुणावर आळ घ्यायचा नाही, कुणाला काही सांगायचं नाही. बादलीला बोलू द्यायचं.

जावयाला वाटलं, म्हातारी रुसलीय. "अक्का, टब कशाला? सिंक आहे की."

"तुम्हाला मोकळं राहू दे बापू. तुमचं मोठं काम."

त्याला ते आवडलंसुद्धा. तो हवं तेवढं प्लास्टर कालवायचा, अर्धं वाया घालवायचा, वाडगा सिंकमध्ये उपडा करून नळ सोडायचा आणि सहा वाजले की बायकोला बरं नसायचंच. अक्का रोज जाताना सिंककडे एक नजर टाकायची. आधी पाणी भुर्रकन जायचं. मग घोटाळून जायला लागलं. मग गोल गोल फिरून, नाइलाजानं गेल्यासारखं. अक्काला इतका आनंद गेल्या कित्येक महिन्यांत झाला नव्हता. घरी जाऊन दोन घास जास्त जेवायची. नवऱ्याला वाटलं राग गेला.

एकच गोष्ट तिला टोचत होती. खालच्या बाईनं काय घोडं मारलं होतं? म्हणून एका दुपारी ती खाली गेली.

"तो कोपऱ्यातला माल जरा इकडे सरकवून ठेवा."

पडदेवालीनं वर छताकडे बघितलं, मग अक्काकडे. "कधी?"

"या आठवड्यात."

"मागच्या वेळी तुम्हीच केलं म्हणतात."

"म्हणतात."

पडदेवाली चतुर बाई होती. एका घरात सासू आणि जावा सांभाळलेल्या. तिनं माल हलवला, कोपऱ्यात एक टोप ठेवला आणि वर म्हणाली, "ठिबकलं की मी येते. जरा मोठ्यानं येते."

आली. शुक्रवारी सकाळी, मालक चहा पीत असताना, जिन्यावरूनच तोंड सुरू. "परत! परत तेच! तुम्ही दात करता का धरण बांधता?" मागोमाग आतल्या खोलीतून पाणीही आलं, सिंक भरून लादीवर, लादीवरून मालकांच्या चपलांपर्यंत.

मालक उठले. जावयाचं तोंड त्यांच्याही आधी उघडलं. "पप्पा, मी किती वेळा सांगितलं, अक्कांना बादली काढायला—"

अक्का सिंकखाली वाकली, बादलीची जोडणी सोडवली. बादली काही हलेना. "भुंग्या, ये." दोघांनी मिळून ओढून बाहेर आणली, उपडी केली आणि अक्कानं बुडावर दोन हातोडे घातले.

आतून एक गठ्ठा निघाला. बादलीचाच आकार, अगदी कडेच्या वळ्यांसकट. आणि तळापासून वरपर्यंत निळा. आकाश निळं असतं तसा निळा. पिवळ्याची एक रेघ नाही.

पडदेवाली खाली वाकून म्हणाली, "अगं बाई. रंग छान आहे."

मालक गठ्ठ्याकडे बघत राहिले. मग जावयाकडे. "आणि मागच्या वेळी?"

जावई म्हणाला, "मागच्या वेळी वेगळं—"

"मागच्या वेळीही यांचंच होतं," भुंगा म्हणाला. "अक्का बादली घासून गेली होती. मी बघितलं होतं." एवढं बोलून त्यानं जाऊन मशीन चालू केलं, म्हणजे पुढचं काही कानावर यायला नको.

अक्कानं गोणी पसरली. "जावईबापू, गठ्ठा खाली न्यायचाय."

"भुंग्याला सांगा ना."

"उचल," मालक म्हणाले. जावयाला ते पहिल्यांदाच अरेतुरे करत होते.

त्यानं उचलला. लेकराला छातीशी धरावं तसा तो ओला निळा गठ्ठा धरून जिना उतरला. इस्त्रीच्या शर्टावर गाळ ओघळत होता. पडदेवाली त्याच्या पुढे चालत दुकानादुकानाला सांगत होती, "बाजूला व्हा हो, जावई येतायत." अक्का खिडकीत उभी राहून हे सगळं बघत होती. घाई नव्हती तिला. तो वळणावर दिसेनासा होईपर्यंत बघितलं तिनं.

मालक मागे येऊन उभे राहिले. "अक्का, आपलेच दात आणि आपलेच ओठ. मी काय करू सांग?"

"टेबल."

"ते तर देतोच. पण पुढचे दात अर्धे त्याच्याकडे राहू दे. घरी पोरीला तोंड दाखवायचंय मला."

अक्कानं टेबल घेतलं. हत्यारं उचलून खिडकीशी मांडायला लागली.

आता जावई ट्यूबखाली. बादली तोच काढायचा, मालक उभे राहून काढून घ्यायचे. आणि रंग बघायचा झाला की दात हातात घेऊन खिडकीशी यायचा, कारण तिथेच उजेड. "अक्का, जरा बघता का?" आवाज एकदम मऊ. कुणालाही दया आली असती. अक्काला आली नाही. स्पीकरवरचा तो फोन आणि खाली घातलेली ती मान तिला रोज दिसायची.

एक दिवस त्यानं असाच एक दात आणला. शाळेत शिकवणाऱ्या कुणा बाईचा, समोरचा. उद्या बसवायचा होता. अक्कानं तो पट्टीशेजारी धरला. राखाडी. ढळढळीत राखाडी. दुसऱ्या दातांच्या मध्ये तो मेलेला दिसला असता.

"बरोबर आहे," अक्का म्हणाली.

"नक्की?"

"पाठवा."

जावई खूश झाला. डबा बंद केला, चिठ्ठी लावली, डॉक्टरला फोन लावला. अक्का ऐकत होती. आता परत येईल. आता याच्यावर चिठ्ठी येईल, मालक स्पीकर लावतील, याला विचारतील मोतीबिंदू. तिनं ते सगळं मनात आधीच बघून घेतलं आणि गोड लागलं.

"हो डॉक्टर, पाठवतोय," जावई फोनवर सांगत होता. "काळजी नको. अक्कांनी स्वतः बघितलाय."

अक्काचा हात थांबला.

अक्कांनी बघितलाय. म्हणजे चिठ्ठी त्याच्या नावानं यायची नाही, तिच्या नावानं यायची. ज्या नावासाठी तिनं एवढा गठ्ठा पोसला, ते नाव हा मूर्ख एका राखाडी दातावर चिकटवून मोकळा झाला होता.

डबा न्यायला आलेला पोऱ्या जिना चढत होता. पावलं ऐकू येत होती.

"तो डबा इकडे आणा," अक्का म्हणाली.

"का?"

"खोटं बोलले मी. राखाडी झालाय. पुन्हा करा."

जावई तिच्याकडे बघत राहिला. "मग आधी का नाही सांगितलंत?"

"मजा वाटली म्हणून."

त्याच्या चेहऱ्यावरून बरंच काही गेलं. मग त्यानं डबा उघडला, दात काढला आणि ट्यूबखाली जाऊन बसला. पोऱ्या रिकाम्या हातानं परत गेला.

अक्कानं स्वतः डॉक्टरला फोन लावला. मालक ऐकण्याइतपत मोठ्यानं. "डॉक्टर, तो दात उद्या नाही मिळायचा. शेड चुकलीय. नाही नाही, माझ्याकडून नाही. आमच्या जावईबापूंकडून. मी बघितलं म्हणून थांबवला. बाईंना सांगा, अजून एक दिवस तोंड मिटून शिकवा."

मालकांनी पेपर वर धरला, तोंड दिसू नये इतका वर.

फोनमधून डॉक्टर काहीतरी म्हणाला. अक्का म्हणाली, "हो, माझ्याकडेच द्या," आणि फोन ठेवून तिनं खुर्ची उजेडाकडे ओढली.