चार सेकंदांच्या वर

पडद्यावर रोडरोलरने एका माणसाच्या बरगड्या मोडल्या. ताईने क्लिप मागे घेतली आणि त्या पुन्हा मोडल्या. सहाव्यांदा बघताना तिने आवाज बंद केला. मैदानाच्या कडेला लावलेल्या मायक्रोफोनने तो कडकन आवाज स्वच्छ टिपला होता, पण तिला आवाज नको होता. तिला वेळ मोजायची होती.

रोडरोलर म्हणजे शनिवारी ज्यांच्याशी सामना होता त्या देशाचा आठ नंबर. एकशे बावीस किलो वजन, आणि धावत आला की समोरच्याला बाजूला व्हायला जागा देत नसे. त्याचं खरं नाव या हॉटेलात कोणी घेत नव्हतं. ताई म्हणजे राष्ट्रीय रग्बी संघाची विश्लेषक. बारा नंबरचा खेळाडू तिचा सख्खा धाकटा भाऊ. तो ताई म्हणे म्हणून सगळा संघच ताई म्हणू लागला, आणि शेवटी तिच्याहून वीस वर्षांनी मोठे असलेले प्रशिक्षकही. पूर्वी ती पदार्थविज्ञान शिकवायची. आता माणसं माणसांवर आदळतात तेव्हा काय होतं ते मोजायची.

प्रशिक्षकांचा प्रश्न साधा होता: हे लोक आक्रमणाची जागा ठरवतात कशी?

रग्बीत चेंडू पुढे फेकता येत नाही. तो काखेत धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत घुसायचं, आडवं व्हायचं, वर पडलेल्या ढिगातून चेंडू मागे काढायचा आणि पुन्हा घुसायचं. अशा एकेका घुसण्याला ती टप्पा म्हणे. बाकीचे संघ टप्प्यांमागून टप्पे मारत भिंतीतली फट शोधतात. या संघाला फटीशी देणंघेणं नव्हतं. समोर मोकळं रान असलं तरी ते भरल्या जागी धडक मारत. नऊ सामन्यांतले चारशे बारा टप्पे तिने मांडून पाहिले. बुटक्यांवर जातात का? नाही. नवख्यांवर? नाही. मंगळवारी सकाळी, काहीच जमेना म्हणून, तिने टॅकल केल्यावर, म्हणजे चेंडूवाल्याला कवळून पाडल्यावर, कोण किती सेकंदांनी उठतो तो आकडा घातला आणि ठिपके पट्टीने आखल्यासारखे सरळ रेषेत आले.

ज्याला उठायला चार सेकंदांच्या वर लागले, त्याच्या अंगावर पुढच्या तीन टप्प्यांत रोडरोलर सोडला जाई. दहापैकी सात वेळा. ते जखमी माणूस शोधत होते.

तिला आधी आनंद झाला, हे कबूल करायला हवं. नियम सापडल्याचा आनंद वेगळाच असतो, नियम कशाबद्दल आहे हे त्यात क्षणभर दिसत नाही. मग तिला रेषेपासून लांब पडलेला एक ठिपका दिसला. दोन महिन्यांपूर्वीच्या सामन्यात त्यांनी रोडरोलर एकाच माणसावर नऊ वेळा घातला होता, आणि तिच्या तक्त्याप्रमाणे तो माणूस सरासरी दोन पूर्णांक आठ सेकंदांत उठत होता. लवकर उठण्यात संघात दुसरा. तो तिचा भाऊ होता.

एखादा ठिपका सुटतोच, असं म्हणून पुढे जाता आलं असतं. तिने मूळ नोंदी उघडल्या.

टॅकल करणाऱ्याने पाडलेल्या माणसाला सोडून लगेच उठायचं, हा नियम. पण मुरलेले खेळाडू पाय अडकल्याचं सोंग करून चार-पाच सेकंद तिथेच लोळतात, म्हणजे समोरच्यांचा चेंडू उशिरा निघतो. या लबाडीसाठी मोसमाच्या सुरुवातीला ताईने एक वेगळा शिक्का केला होता: 'मुद्दाम'. ज्या नोंदीवर तो शिक्का, ती वेळ सरासरीत धरायची नाही, कारण तो दमलेला नसतो, हुशार असतो. भावाच्या नावावर असे अकरा होते. प्रशिक्षक त्या क्लिपा नवख्यांना दाखवत. 'शिका काहीतरी, डिंक कसा चिकटून बसतो बघा.' तेव्हापासून तो डिंक झाला.

ती अकराही क्लिपा लावून बसली.

पहिलीत एकाचा गुडघा त्याच्या कानशिलावर बसला. तो उताणा पडला आणि त्याचा उजवा हात कोपरापासून ताठ वर आला, वर्गात प्रश्न विचारायला करावा तसा, बोटं फाकलेली. तो हात तसाच हवेत राहिला. चौथीत त्याचे डोळे उघडे होते आणि तो गवताकडे बघत होता, जवळजवळ निवांत. सातवीत ढिगात धावत आलेल्या एकाचा खिळ्यांचा बूट त्याच्या पंजावर पडला, सगळा भार देऊन, वळून. पंजा हलला नाही.

मुद्दाम पडलेला माणूस हात ओढून घेतो.

ती क्लिप तिने एकदाच बघितली. परक्या देशाच्या पंधरा आडदांड माणसांना धावता धावता जे दिसलं होतं, ते तिला बसून, थांबवून, मागे घेऊन दिसलं नव्हतं. कारण पडलेला तिचा भाऊ होता आणि तो हुशार आहे हे तिला आधीपासून माहीत होतं.

दुपारी तिने त्याला बोलावलं. तो सरावातून तसाच आला, खांद्यावर चामडी सोललेली, भुवईवर चिकटपट्टी. खुर्ची उलटी करून बसला.

"काय ताई, आज पण माझंच कौतुक? बरं वाटतं बाई तुझ्या या गुहेत. पडदे उघडू नकोस."

तिने सातवी क्लिप लावली. "हात का नाही ओढलास?"

"लक्षात नाही आलं."

"खिळ्यांचा बूट होता."

"अगं, गर्दीत पाय पडतातच. तिथे कोण चपला बाहेर काढून येतं?"

"ही कुठली मॅच आहे?"

तो पडद्याच्या कोपऱ्यात आकडे शोधू लागला. तिने ते आधीच झाकले होते. "पांढरे शर्टवाले," तो म्हणाला.

"जिंकलो का आपण?"

"तू परीक्षा घेतेस का माझी? डॉक्टरांनी घेतलीय. पास झालोय."

"मोसमाच्या सुरुवातीची ती आठवणीची परीक्षा तू मुद्दाम वाईट दिली होतीस. म्हणजे नंतर डोकं फुटलं तरी तेवढेच मार्क पडतील."

"सगळेच देतात गं. एवढीच काय ती आमची अक्कल." तो हसला आणि हसता हसता थांबला. "शनिवार खेळू दे. रविवारी विश्वचषकाचा संघ लागतोय. माझं नाव लागू दे, सोमवारी मी स्वतः डॉक्टरांच्या दारात जाऊन बसतो. एकतीस वर्षांचा आहे मी, ताई. पुढच्या विश्वचषकाला मला कोण पाणी द्यायला तरी नेईल का?"

"शनिवारी रोडरोलर तुझ्यावरच येणार. नऊ वेळा नाही, वीस वेळा."

"येऊ दे."

"आणि तू उठला नाहीस तर?"

"तर लिही, मुद्दाम पडलाय. तूच लिहितेस ना? मी कधी म्हणालो मी मुद्दाम पडतो म्हणून? एकदा तरी म्हणालो? तुझं वाचून मलाच वाटायला लागलं, बरं, मुद्दाम पडलो असेन."

ती उठली. "मी डॉक्टरांकडे चाललेय."

त्याने लॅपटॉप उचलला आणि टेबलाच्या कडेवर आपटून दुमडला. पडदा बिजागरीतून सुटला, काचेचा चुरा तिच्या कागदांवर सांडला. त्याने तो परत आपटला. मग त्याने तिचं मनगट धरलं. लहानपणी मारायची ती, आणि तो आईकडे पळायचा. त्याने तिच्यावर कधी बोट उगारलं नव्हतं. आता मनगटातली दोन हाडं एकमेकांवर घासल्याचं तिला कळलं. त्याचा चेहरा अगदी जवळ होता आणि त्यात ओळख नव्हती. ती ओरडली नाही. सवयीने मोजत राहिली. एक. दोन. तीन. चार. पाचव्याला पकड सुटली. तो आपल्या हाताकडे दुसऱ्या कोणाचा असावा तसा बघत राहिला.

"दुखलं का गं?"

"हो."

तो निघाला. दार सताड उघडं होतं, तरी त्याचा खांदा चौकटीवर आपटला.

नोंदी लॅपटॉपवर नव्हत्या, सर्व्हरवर होत्या. मनगट ओल्या रुमालात गुंडाळून ती खाली जेवणघरात गेली. प्रशिक्षक आणि डॉक्टर एकाच टेबलावर होते. तिने आधी नियम सांगितला. प्रशिक्षकांचा चमचा हवेतच थांबला.

"म्हणजे ते कुठे येणार हे आपण ठरवायचं," ते म्हणाले. "ताई, तू सोनं आणलंस. डिंकाला तिथेच उभा करू. एकदा पडून राहू दे त्याला छान. दोन्ही बाजूंना एकेक माणूस दडवू. रोडरोलर आला की तिघांनी मिळून फोडायचा. उठताच कामा नये."

"सर, तो मुद्दाम पडत नाही. त्याची शुद्ध जाते. अकरा वेळा गेलीय."

"तो पास आहे."

"त्याने परीक्षा—"

"तू आत्ता विश्लेषक म्हणून बोलतेस की बहीण म्हणून? कारण बहिणीचं मी शनिवारनंतर ऐकेन. खुशाल रड माझ्या खांद्यावर."

तिने डॉक्टरांकडे बघितलं. ते हळू आवाजात म्हणाले, "माझ्याकडे त्याची एकही घटना नोंदलेली नाही. नोंद नसेल तर मला त्याला थांबवता येत नाही. आणि सामन्यांची नोंद तुझी. तुझ्या नोंदीत अकरा वेळा 'मुद्दाम' आहे."

व्यवस्था तिला पाठ होती, कारण अर्धी तिनेच लावली होती. नोंद बदलली की जुनी पुसली जात नाही, तिच्यावर रेघ पडते. बदलणाऱ्याचं नाव आणि वेळ बाजूला येते. आणि त्याच क्षणी ती डॉक्टरांना आणि रग्बी मंडळाच्या वैद्यकीय समितीला जाते. एका मोसमात डोक्याला मार लागल्याच्या दोन नोंदी झाल्या की बाहेरच्या तज्ज्ञाने सोडेपर्यंत खेळाडू मैदानाबाहेर. तज्ज्ञाची तारीख मिळायलाच तीन आठवडे लागत. संघ रविवारी लागणार होता. आणि बेशुद्ध माणसाला अकरा वेळा शाबासकी देऊन परत भिंतीत उभं करणारी विश्लेषक कोण, हे समितीला तिच्या सहीनिशी कळणार होतं.

डॉक्टरांनी जेवणाची थाळी बाजूला सरकवली, आपला लॅपटॉप उघडला आणि तिच्याकडे फिरवला.

"ताई," प्रशिक्षक म्हणाले, "तो तुला जन्मात माफ करणार नाही."

"माहितीये सर."

तिने लिहिलं: टॅकलनंतर शुद्ध हरपल्याची चिन्हं. आधीची नोंद चुकीची. चूक माझी. उरलेल्या दहा नोंदींत तिने तेच उचलून चिकटवलं नाही, प्रत्येक वेळी नव्याने लिहिलं. उजवं मनगट दुखत होतं, म्हणून डाव्या हाताने. सतरा मिनिटं लागली. प्रशिक्षक तोवर बसून राहिले, मग खुर्ची मागे ढकलून उठले.

"शनिवारचा सामना संपला की तुमचं सामान आवरा. आणि तो नियमाचा तक्ता मला द्या."

रागावले की ते अहो-जाहो करत.

"पाठवलाय. अहवालात पाचव्या पानावर आहे."

शनिवारी विश्लेषकांच्या काचेच्या खोलीत ती एकटीच होती. तिसऱ्या मिनिटाला दार उघडलं आणि भाऊ आत आला. संघाचा सूट, काळा चष्मा. चार दिवस तो तिच्याशी बोलला नव्हता. आईने दोघांनाही फोन केले होते आणि दोघांनीही बरं आहे म्हणून ठेवले होते. तो शेजारच्या खुर्चीत बसला, मधे एका खुर्चीचं अंतर सोडून.

खाली रोडरोलर माणसं चिरडत होता. बदली बारा नंबर दोनदा उडाला आणि दोनदा तीन सेकंदांच्या आत उठला. ते अजून शोधत होते. कोणी रेंगाळतंय का, कोणाचा पाय फरफटतोय का. अठराव्या मिनिटाला बदली बारा नंबर पुन्हा खाली वाकला आणि रोडरोलरचं ढोपर सरळ त्याच्या जबड्यात गेलं. काचेआडही ते ऐकू आलं. तो ओणवा झाला, तोंडातून रक्ताची तार गवतापर्यंत लोंबली, दातांसारखं काहीतरी पांढरं त्याने तळहातावर घेतलं. डॉक्टर धावले. त्याला हाताला धरून बाहेर नेलं.

भावाचा गुडघा खालीवर होत होता. "मी असतो तर घेतला असता खाली त्याला."

"हो."

"हो म्हणालीस?"

"घेतला असतास. आणि उठला नसतास."

खाली खेळ पुन्हा सुरू झाला, दोन ढीग झाले, मोडले. मग त्याने विचारलं, "किती वेळा लिहिलंस?"

"अकरा."

अंगठा बोटांच्या पेरांवर टेकवत तो मोजू लागला. ओठ हलत होते. करंगळी संपवून पुढच्या बोटावर गेला आणि तिथे अंगठा अडला. परत पहिल्यापासून मोजलं. परत तिथेच.

"मला चारच आठवतात," तो म्हणाला.

मैदानावरून हाडामांसाचा एक मोठा आवाज आला आणि सगळं स्टेडियम उभं राहिलं.

"बाकीच्या दाखव."

"आत्ता नको."

"दाखव गं. माझ्याच आहेत ना?"

तिने सामन्याचं चित्र बाजूला केलं, आवाज बंद केला आणि पहिली क्लिप लावली. तो मधल्या खुर्चीवर सरकला, काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि प्रकाशामुळे डोळे बारीक करून बघू लागला.